काकाची टर्बो आणि माझा डिप्लोमा

आमच्या खाडीकाठच्या बाळकुमात मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालेला पहिला माणूस मी. हे मी माझ्या तोंडाने सांगत नाही. गावाने मला देवळासमोर खुर्चीत बसवून, शाल घालून, हातात नारळ देऊन तसं जाहीर केलं होतं. त्या खुर्चीवरून पुढची काही वर्षं मी उतरलोच नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मला नोकरी लागली होती. तिथे माझं काम म्हणजे दुसऱ्यांनी तपासलेल्या मालाच्या कागदावर बरोबरची खूण करायची. गावात कोणी त्याबद्दल खोलात विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

गावात इंजिनाचा खरा जाणकार माझा थोरला काका होता. शाळा चौथीपर्यंत, ती पण मास्तरांच्या म्हणण्यानुसार. तीसेक वर्षं त्याने खाडीत मशीनची होडी चालवली. कोलशेतपासून पलीकडे काल्हेरपर्यंत कुठल्याही होडीचं इंजिन रुसलं की माणूस आमच्या दारात यायचा. काका जायचा, इंजिनावर तळहात ठेवायचा, डोळे मिटून थोडा वेळ ऐकायचा आणि सांगायचा, अमुक ठिकाणी उघडा. उघडलं की दुखणं तिथेच असायचं. याबद्दल तो कोणाकडून काही घेत नसे. ‘त्याला विचारा’ असं लोक म्हणतात, एवढ्यावर तो खूश होता. पुढे खाडीत मासळी कमी झाली, गावच्या शेतांत इमारतींचे खांब उभे राहिले, होडी विकली गेली. तरी लोकांनी विचारणं चालू होतं. खरं सांगायचं तर काकाकडे त्याचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत त्याने भाड्याने चालवायला एक जुनी डिझेल गाडी घेतली. जीपसारखी लांबलचक, दहा माणसांची, म्हणजे आमच्या हिशेबाने पंधरा माणसांची. आधीच्या मालकाने तिला टर्बो बसवून घेतला होता. टर्बो ही काय भानगड आहे, असं सगळे विचारू लागले तेव्हा मी ओट्यावर बसून समजावलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं, ते दुसऱ्या बाजूने इंजिनात जास्त हवा कोंबतं, हवा वाढली की ताकद वाढते. चक्र भयंकर वेगाने फिरतं, लाल होईपर्यंत तापतं, आणि त्याच्या दांडीला आधार असतो तो फक्त तेलाच्या पातळ थराचा.

“म्हंजे त्याचा जीव तेलान हाय,” काका म्हणाला.

मी म्हणालो, तसं नाही रे, त्याचं शास्त्र वेगळं असतं. आता इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही की शास्त्र तेवढंच होतं.

काका गाडी चालवायचा ती होडीच्या पद्धतीने. होडी धक्क्याला लागली की मासळीच्या टोपल्या उतरेपर्यंत मशीन संथ चालू ठेवायची, ही आमच्याकडची जुनी रीत. दमून आलेल्या मशीनला एकदम गप्प करायचं नाही. तसाच काका घोडबंदर रोडवरून भाडं सोडून आला की दारात गाडी घुरघुरत ठेवायचा. खाली उतरायचा, टायरांना हात लावून बघायचा, तंबाखू मळायचा. तंबाखू तोंडात गेली की मग किल्ली.

दुसरी रीत तेलाची. अष्टमीच्या आसपास खाडीला भांग असतो, म्हणजे भरतीला जोर नसतो आणि जाळ्यात काही लागत नाही. होड्या धक्क्याला पडून असतात, म्हणून इंजिनाचं तेल तेव्हा बदलायचं. काकाने होडी विकली, पण अष्टमी सोडली नाही. दर महिन्याला अंधाऱ्या पाखातल्या अष्टमीला गाडीखाली जुनं घमेलं सरकायचं आणि काळं तेल गळायला लागायचं. काकी म्हणायची, “लोकांचे घरान अष्टमीचा उपास, आमचे घरान अष्टमीचा तेल.”

हे सगळं माझ्या डिप्लोम्याला बघवेना. एकदा काका एकटाच गाडीपाशी होता तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं.

“काका, तेल तिथी बघत नाही. किलोमीटर बघतं.”

“मग किती किलोमीटरला बदलाचा?”

गाडीचं पुस्तक इंग्रजीत होतं, आणि घरात ते वाचू शकणारा मी एकटा होतो. मी ते वाचलं नव्हतं. पण दहा हजार हा आकडा मला भारदस्त वाटला, म्हणून तो सांगितला. काकाने तेल मोजायची पट्टी बाहेर काढून तिच्यावरचं तेल बोटांत चोळलं, वास घेतला आणि म्हणाला, “याच्यान आता काय राहिला नाय रं.” मी म्हणालो, डिझेलच्या इंजिनात तेल काळं होतंच, रंगावर जाऊ नकोस. हे वाक्य खरं आहे, अजूनही खरं आहे. अर्धवट शिकलेल्या माणसाकडे अशी खरी वाक्यं पुष्कळ असतात, आणि ती चुकीच्या ठिकाणी वापरायची त्याला भारी हौस.

मग मी दुसरा हुकूम सोडला. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं म्हणजे डिझेलची नासाडी. पोचलास की लगेच बंद कर.

काका ऐकायला लागला. अगदी मुकाट्याने नाही, पण ऐकायला लागला. कधी कधी विसरून गाडी चालू ठेवायचा आणि मला बघितलं की चोरी पकडल्यासारखा घाईने किल्ली फिरवायचा. देवळासमोर माझ्या खांद्यावर शाल घालणारे हात त्याचेच होते. ज्याला आपण शाल घातली त्याचं ऐकायचं नाही तर मग कोणाचं ऐकायचं, असं त्याला वाटत असावं. मला मात्र तेव्हा वाटलं की मी त्याला पटवलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग! कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर कल्याणचा एक गाड्यांचा शौकीन होता. त्याने मला गुप्त ज्ञान दिलं. इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपावर एक स्क्रू असतो, त्याला शिशाचं सील लावलेलं असतं. सील तोडून स्क्रू जरा फिरवला की इंजिनात डिझेल जास्त जातं, टर्बो चेकाळतो आणि गाडी नुसती पळते. योगायोगाने त्याच आठवड्यात खारेगावच्या पुलावर एका फालतू टेम्पोने काकाच्या गाडीला मागे टाकलं होतं. मी आत बसलो होतो. काकाला त्याचं काहीच वाटलं नाही, मला रात्रभर वाटत राहिलं.

रविवारी गावातली पोरं मैदानात क्रिकेट खेळत होती. गाडीपाशी आम्ही दोघंच होतो. मी बॉनेट उघडलं आणि पक्कडीने सील तोडलं.

“ये सील कशाला ठेवलेला?” काकाने विचारलं.

“कंपनीवाले घाबरट असतात.”

स्क्रू मी पाऊण फेरा फिरवला. पाऊणच का, याला उत्तर नाही. गाडी खरोखरच पळायला लागली. मागे काळ्या धुराचा लोट निघायचा, त्याकडे बघून काका कपाळाला आठ्या घालायचा. मी म्हणालो, धूर नाही तो, ताकद दिसतेय. अशी वाक्यं मला तेव्हा न शोधता सापडायची.

चैत्रात गाव एकवीरा आईला निघालं. तीन गाड्या होत्या आणि आमची सगळ्यांत पुढे. मी काकाच्या शेजारी, मागे माझे वडील, काकी आणि भावकीतली माणसं, त्यांच्या मांडीवर पोरं, पोरांच्या मांडीवर ढोलकी. खोपोली सोडून घाट लागला आणि मला चेव चढला. “दे दाबून, काका, दाबून दे.” त्याने दिली. भर उन्हात, पंधरा माणसं घेऊन ती गाडी ट्रकमागून ट्रक टाकत वर गेली. मागून लोक आईचा उदो उदो करत होते आणि मला वाटत होतं की त्यात थोडा माझाही आहे.

खंडाळ्याला वर पोचल्यावर चहाला थांबलो. गाडी थांबते न थांबते तोच सगळे उतरून टपरीकडे पळाले. आम्ही दोघंच आत राहिलो. काकाने इंजिन चालूच ठेवलं आणि खिशातून तंबाखूची पिशवी काढली.

“काका, किती वेळा सांगायचं?”

“थोरी राहू दे रं. लय दमलीय ती.”

“इंजिन दमत नाही,” मी म्हणालो, आणि हात घालून किल्ली फिरवली.

आतमध्ये काय झालं ते मला नंतर समजलं. घाट चढून लाल झालेला टर्बो अजून गरगर फिरत होता आणि इंजिन बंद झाल्याबरोबर त्याचं तेल तुटलं. जे तेल आत होतं ते आधीच महिनोन्‌महिने शिळं झालेलं, ते तिथल्या तिथे जळून कोळसा झालं. तेव्हा मला फक्त बॉनेटखालून टकटक ऐकू आलं. मी चहा प्यायला गेलो. काका तंबाखू न मळताच तसाच बसून होता.

पुन्हा निघालो तेव्हा आधी बारीक शिट्टी यायला लागली. लोणावळा मागे पडेपर्यंत तिची किंकाळी झाली, पांढऱ्या धुराने मागचा रस्ता दिसेनासा झाला आणि इंजिन आपोआप ओरडायला लागलं. काकाने पाय काढला, तरी वेग चढतच होता. किल्ली फिरवली, तरी बंद होईना. टर्बोची दांडी गेली होती, त्याचं तेल थेट इंजिनात शिरत होतं आणि इंजिन स्वतःचंच तेल जाळत सुटलं होतं. मागे बायका किंचाळत होत्या. मी डॅशबोर्डला धरून बसलो होतो, डिप्लोम्यासकट. काकाने गाडी कडेला घेतली, ब्रेक दाबून धरला, वरचा गिअर टाकला आणि क्लच सोडून दिला. एक जबरदस्त हिसका बसला आणि इंजिन गुदमरून थांबलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

मागच्या गाडीने दोरीने ओढत आम्हाला एका गॅरेजात आणलं. मिस्त्री वयस्कर होता. त्याने टर्बो खोलला, निळी पडलेली दांडी आणि कोळशासारखं तेल हातावर घेतलं, मग पंपाकडे वाकून बघितलं. भोवती सगळी भावकी उभी होती.

“तेल इतके महिने तसंच कोणी ठेवलं? पंपाचं सील कोणी तोडलं? आणि घाट चढून आल्या आल्या तापलेली गाडी कोणी बंद केली?”

तीन प्रश्न आणि तिन्हींचं उत्तर मी. मी तोंड उघडलं होतं, असं मला आठवतं. अर्थात माझी आठवण माझ्या बाजूची आहे.

“मीच,” काका म्हणाला. “सगला मीच केला. पोर नको नको बोलत होता.”

मिस्त्री म्हणाला, “शिकलेल्या पोराचं ऐकायचं होतंत की.” भावकीने माना हलवल्या. माझे वडील स्वतःच्या थोरल्या भावावर सगळ्यांदेखत चिडले. मी जमिनीवर सांडलेल्या तेलाकडे बघत राहिलो.

टर्बोबरोबर इंजिनही गेलं होतं. गाडी आहे तशी विकली. गावात निकाल लागला की पाण्यातलं इंजिन वेगळं, रस्त्यावरचं वेगळं, आणि म्हाताऱ्याला आता कळत नाही. पुढे एकदा मी काकाला विचारलं, का असं केलंस? तो जाळं विणत होता. “तुजी नोकरी हाय, लगीन व्हायचा हाय,” तो म्हणाला. “मना आता कुठं होरी चालवाचीय.”

पावसाळा सरल्यावर काल्हेरहून एक माणूस आला. त्याची होडी आमच्याच धक्क्याला लागली होती, इंजिन तापून मधेच बंद पडत होतं. काका ओट्यावरच बसला होता. माणसाने त्याला रामराम केला, त्याच्या बाजूने पुढे आला आणि मला हाक मारली. काका म्हणाला, “जा, तुला बोलावतंय.” मी गेलो. इंजिनावर तळहात ठेवला, डोळे मिटले. हात भाजला, बाकी काही समजलं नाही. पाना विसरलो असं सांगून घरी आलो आणि आवाज कसा येतोय ते काकाला सांगितलं. त्याने दोन-तीन गोष्टी विचारल्या आणि काय करायचं ते हळूच सांगितलं. मी परत जाऊन तेच मोठ्याने सांगितलं. इंजिन नीट चालायला लागलं.

पुढे असं कितीदा तरी झालं. सुट्टीच्या दिवशी माणूस यायचा, मी जायचो, पाना विसरायचो. दर वेळी लाज वाटायची. लाजेला माणूस सरावतो, हे मला कोणत्याच डिप्लोम्यात शिकवलं नव्हतं. काकाने एकदाही आवाज चढवला नाही. उलट मी निघालो की तोच विचारायचा, “पाना घेतलास?” आणि हसायचा.

दशक संपता संपता तो गेला. तेराव्याला मांडवात पंगत बसली होती आणि मी भात वाढत होतो. काल्हेरचा तो माणूस पानावर बसला होता. त्याने माझा हात धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“तुझा काका देवमाणूस. फक्त शेवटी शेवटी त्याला इंजिनातलं कळेनासं झालेलं,” तो म्हणाला. “बरं झालं तू होतास.”

सगळी पंगत ऐकत होती. काकी दाराशी उभी होती. बोलायला यापेक्षा चांगली जागा मला परत मिळणार नव्हती.

“आणखी भात वाढू?” मी विचारलं.