नाझमियेची सपाट जागा

तुर्कस्तानातल्या रिझेचे डोंगर घडवताना अल्ला सपाटी करायला साफ विसरला, असं नाझमियेचं ठाम मत होतं. लहानपणी चहाच्या मळ्यात आई तिच्या कमरेला दोरी बांधून दुसरं टोक झाडाला अडकवायची, नाहीतर पोरगी थेट ओढ्यात. लग्न होऊन ती समोरच्या डोंगरावर आली, तर तिथंही तीच रड. हातातून भोपळा सुटला की तो खालच्या शेजाऱ्याचा झाला म्हणून समजायचं. रस्त्यापासून घरापर्यंत सामान तारेवरच्या पाळण्यातून यायचं आणि माणसं चढून.

पन्नास वर्षं पाठीवर चहाच्या पानांची ओझी वाहून गुडघे कामातून गेले. आता तिला एकच हवं होतं. दारासमोर चारही पाय टेकून खुर्ची उभी राहावी आणि तीत बसून खालचा समुद्र बघावा.

म्हणून नवऱ्यानं, रुस्तमनं, दारापुढं दगड रचून मागं माती भरायला घेतली, तेव्हा तिला वाटलं, उशिरा का होईना, याला अक्कल आली. तिनं त्याला एका शब्दानं टोकलं नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्या लेकीला सांगून गुपचूप खुर्चीही मागवली.

खुर्ची पाळण्यातून झुलत वर आली. रुस्तमनं ती उतरवून घेतली आणि विचारलं, "ही कुठं ठेवायची?"

"कुठं म्हणजे? एवढी जागा केलीत ना."

"तिथं नको. ती कबरीसाठी आहे."

दारात कबर असण्याचं तिला काही नव्हतं. सासूसासरे घराच्या कडेलाच पुरलेले होते, सगळ्यांचेच असतात. पण अख्ख्या उतारावर सपाट म्हणावी अशी एवढीच जागा, आणि तीही मेल्यावर?

"इतकी कसली घाई झालीय तुम्हाला?"

"माझी नाही, तुझी," रुस्तम म्हणाला. "तू झोपलीस तेव्हा दोरीनं मापही घेतलंय. जन्म चढउतारात गेला तुझा. निदान तेव्हा तरी सरळ पडशील."

नाझमियेला ते गोड वाटलं, आणि गोड वाटलं म्हणून तिला जास्तच संताप आला.

"आणि तोंड कुठं करणार माझं?"

"मक्केकडं. आणखी कुठं करतात?"

"मक्का कुठंय?"

रुस्तमनं हात वर केला आणि डोंगर दाखवला. दाखवता दाखवता तो जरा थबकला.

"बघा," ती म्हणाली. "सत्तर वर्षं या मेल्या डोंगराचं थोबाड बघतेय. आता कयामतीपर्यंतही हाच समोर, आणि समुद्र माझ्या पाठीला."

"मक्का तिकडंच आहे, त्याला मी काय करू?"

"तुम्ही काही करू नका. मी मेले की फिरवा हवं तिकडं. तोवर खुर्ची उचला."

त्यानं खुर्ची सपाटीवर नेऊन ठेवली. ती डुगडुगली नाही. नाझमिये डोंगराकडं पाठ करून बसली. खाली समुद्र राखाडी दिसत होता, तसा विशेष काही नव्हता. रुस्तम दारात घुटमळला. ऊन उतरलं तरी ती हलेना.

"चहाचं काय?" त्यानं शेवटी विचारलं.

"मी बसलेय," नाझमिये म्हणाली.