सात वर्षांच्या झालेल्या बाई

नव्वदीच्या दशकात मी बडोद्याला मानसशास्त्रात एम.ए. करत होते, तेव्हा एक बाई फक्त एका दिवसासाठी शिकवायला आल्या. घरात छळ सोसणारं मूल कसं ओळखायचं आणि त्याच्याशी कसं बोलायचं, हा विषय होता. त्यांचं नाव आता आठवत नाही. पन्नाशीच्या त्या बाई जमिनीवर बसल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या आणि म्हणाल्या, "मी सात वर्षांची आहे. विचारा मला."

मी पुढे गेले. मागून कुणीतरी गुजरातीत बजावलं, "जोजे हं, सांभाळून, बेबीला रडवशील." वर्ग हसला.

मी जमेल तितक्या मायेनं म्हटलं, "बाळा, मला सांग. मी कुण्णाला सांगणार नाही."

त्यांचं बोट थांबलं.

"हे वचन कधी द्यायचं नाही, बेन. मुलाला वाचवायचं तर कुणाला तरी सांगावंच लागतं. माझ्या शाळेतल्या बाईंनी मला हेच वचन दिलं होतं."

बाकीचे वह्यांत उतरवून घेत होते.

"आणि त्यांनी ते पाळलं."

सगळ्यांची पेनं थांबली. त्यांनी पदर सारखा केला आणि शांतपणे विचारलं, "आता कोण येतंय?"