पैलतीरावरचं पांढरं धोतर

आमचं गाव नेमकं कशाच्या काठावर आहे, हा घोळ मला अजून सुटलेला नाही. नकाशात गोदावरी, बोलण्यात गंगा आणि डोळ्यांसमोर निम्मं वर्ष नुसती वाळू. म्हातारी माणसं सांगायची, जुनं गाव पुरानं नेलं म्हणून लोक मागं सरकले. ते मागं सरकले आणि नदीच यायची बंद झाली. वर धरण झालं होतं. भर श्रावणात पात्र कोरडं, आणि आभाळात ढग नसताना एखाद्या सकाळी दुथडी पाणी. अशा नदीला हात जोडावेत की शिव्या द्याव्यात, गावाला कळत नसे.

पलीकडचा काठ बीड जिल्ह्यात. तरी आमच्या सोयरिकी तिकडेच व्हायच्या. थोरली बहीण समोरच्याच गावात दिलेली. हाक पोचणार नाही एवढं पात्र रुंद, म्हणून दोन्ही गावांनी एक रीत धरली होती. काठावरच्या बाभळीला लाल लुगडं बांधलं की बाळंतीण सुखरूप, पांढरं धोतर बांधलं की माणूस गेलं. ते बघून नाव निघायची. पुढं नावाड्याची पोरं जालन्याला कारखान्यात लागली आणि नाव वाळूत उपडी पडली. मग पाणी असलं की लांबच्या पुलावरून वळसा, म्हणजे अख्खा दिवस. आमचं जाणं आज-उद्यावर पडत गेलं.

त्या वर्षी बहिणीचे तिसऱ्या खेपेचे दिवस भरत आले होते. एका सकाळी आई धुणं तिथंच टाकून पळत आली. "आवो, पांढरं बांधलंय!"

बहिणीचा सासरा थकलेला होता, पण कोण गेलं हे काही धोतर सांगत नाही. नदीला पाणी सोडलेलं. वडिलांनी जीप ठरवली. वाटेत आई म्हणायची, "सासराच आसंल," आणि लगेच स्वतःच्या तोंडात मारून घ्यायची. कुणासाठी रडतोय हे न कळता आम्ही रडत होतो.

पोचलो तर सासरा दारात विडी ओढत बसलेला. त्याला जिवंत बघून मला ब्रह्मांड आठवलं. आई जागीच खाली बसली. तेवढ्यात बहीण पोट सावरत बाहेर आली, धडधाकट.

"मंग गेलं कोन?" वडिलांनी विचारलं.

"कुनीच न्हाई. मीच बांधलं."

वडील भडकले. आईनं तिला कवेत घेतलं आणि त्याच हातानं पाठीत धपाटाही घातला. मला हसू येत होतं, रागही येत होता, आणि नदी उगाच समोर वाहत होती.

"आक्कल हाय का तुला?" वडील ओरडले. "पार जीव गेल्ता आमचा!"

ती जराही चिडली नाही. म्हणाली, "मागल्या खेपेला लाल बांधलं व्हतं, आबा. तुमी तिकडूनच हात हलवून घरी गेल्ते."