अत्तराचा रुमाल

शी! त्या अत्तराच्या रुमालाची मला आजही शिसारी येते.

रत्नागिरीच्या इस्पितळात मी नर्स होते तेव्हाची गोष्ट. जयगडकडची एक सून बाजेवर घालून आणली. भात उकडायचं तपेलं अंगावर कलंडून उजवी बाजू गळ्यापासून मांडीपर्यंत सोललेली, आणि घरच्यांनी वर शेण लिंपलेलं! आम्ही धुऊन काढलं, पण आत पू झालाच होता. पट्टी सोडली की वास खोलीभर पसरायचा. सासू पदर नाकाला लावून दारातच उभी. म्हणे, "मेला काय वास!" पोरीच्या देखत! मी तिला दंडाला धरून व्हरांड्यात नेऊन बसवली.

भाजलेलं माणूस स्वतःच्या जखमेकडे बघत नाही, समोरच्याच्या नाकाकडे बघतं. म्हणून मी तोंडानं श्वास घ्यायचे आणि तिच्या माहेरच्या गप्पा काढायचे.

"बाई, वास येतो का वो?" ती रोज विचारायची.

"नाही गो," मी म्हणायचे. तिला पटायचं, मग थोडी पेज घ्यायची. पेज पोटात जाते आहे तोवर आशा आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. नवरा मुंबईला पेढीवर होता, त्याला बोलावणं गेलं होतं. "ते आले की मी उठून बसेन," म्हणायची.

आगबोटीनं तो आला. मी त्याला बाहेरच गाठला. "हे बघा, हातातला तो अत्तराचा रुमाल खिशात घाला. तोंडानं श्वास घ्या. तिचा डावा हात बरा आहे, तो धरा. नाक मुरडायचं नाही, ऐकलंत?"

"हो, हो, बाई." शहाण्यासारखी मान हलवली मेल्यानं. आणि उंबरठ्यावर पाय पडतो न पडतो तोच रुमाल नाकाला! वर तोंड फिरवून ओकारी काढली.

ती बघत होती. "बाई, त्यांना बाहेर न्या," हळूच म्हणाली. "बोटीनं दमलेत."

बाहेर आल्यावर त्यानं मला काय विचारावं? "कपड्यांना लागला नसेल ना हो हा वास?" माझं डोकंच फिरलं. कप्पाळ त्याचं! मी आत गेले.

पेजेची वाटी घेऊन बसले. "घे गो, दोनच घोट."

वास येतो का, ते तिनं त्या दिवशी विचारलं नाही. माझ्या नाकाकडे बघितलंही नाही. पेज गार झाली, वर साय धरली, तरी तिनं तोंड उघडलं नाही.