दूर्वाची टाळू भरली नव्हती

आज सकाळी पेडण्याला गेलो होतो ते दूर्वाला लसीचा डोस द्यायला. आता ती मोठ्या इस्पितळात भरती आहे आणि मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून हे लिहितेय.

दूर्वा माझी मुलगी, पाच महिन्यांची. रोज न्हाऊ घालताना सासूबाई तिच्या टाळूवर खोबरेल जिरवतात. मागच्या महिन्यात म्हणाल्या, "टाळू बेगीन भरली गो!" खरंच, इतक्या लवकर खळगा दिसेनासा झाला होता. कुंच्याही एकामागून एक घट्ट व्हायला लागल्या. पोर बाळसं धरतंय, असं मी माहेरी हळर्णला आईला फोन करून कौतुकाने सांगितलं.

आज डॉक्टरांनी टेपने तिचं डोकं मोजलं, पुन्हा मोजलं. मग टाळूवर बोट ठेवून म्हणाले, "ही भरलेली नाही. आत पाणी साठतंय, ते हिला वर ढकलतंय."

दुपारी स्कॅन झाला. उद्या ऑपरेशन. मेंदूतलं पाणी पोटात उतरवायला आत नळी घालणार.

सासूबाई पायरीवर बसल्यात. सकाळी तेल लावलेला हात पदराला पुसतात, परत पुसतात. "माझ्या हाताक कसा कळाक नाय गो?" मी आई, मला तरी कुठे कळलं? उलट मिरवत होते.

तुमच्यापैकी कुणाच्या लेकराला अशी नळी घातली आहे का? हात जोडते, काळजी करू नकोस असं लिहू नका. एवढंच सांगा, ते आज चालतं का? तुम्हाला आई म्हणून हाक मारतं का?