स्वतःचं नाव सोडून दहा

"स्वतःला सोडून बोल."

आमच्या फुटबॉलच्या सरांकडे कुठलीही तक्रार घेऊन गेलात की पहिलं वाक्य हेच. उजवा हात वर, पंजा उघडा, ट्रॅफिक हवालदार गाडी अडवतो तसा. आणि बघणार आपल्याकडे नाही, मैदानाकडे. "सर, श्रावणी मला पासच देत नाही!" हात वर. "स्वतःला सोडून बोल. श्रावणी कोणाला पास देते?" जी मोकळी असते तिला. "तू मोकळी होतीस?" मग काय, गप्प मैदानात परत. तक्रार न्यायची श्रावणीची, आणि घेऊन यायची स्वतःची. इतकं डोक्यात जायचं ना!

तुम्हालाही शाळेत असे एखादे सर असतील, ज्यांचं वाक्य तेव्हा नको वाटायचं आणि आता स्वतःच्याच तोंडून निघतं. माझं तसंच झालंय, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू.

आमची शाळा मुलुंडला, नाहूरच्या बाजूला. मराठी शाळा, मुलींची फुटबॉल टीम, हे ऐकूनच लोक "अरे वा" बोलायचे आणि मग "क्रिकेट का नाही?" विचारायचे. मैदान म्हणजे एका बाजूला शाळेची भिंत, दुसऱ्या बाजूला टॉवरचं काम चालू म्हणून निळे पत्रे. गोलची जाळी सरांनी वर्सोव्याच्या एका कोळी मित्राकडून आणलेली. खरी मासे पकडायची. पहिले दोन महिने गोल झाला की बॉलला बोंबलाचा वास.

सर खरं तर भूगोलाचे. बारीक, पन्नाशी उलटलेले, मूळ मालवणकडचे. पँटचे पाय मोज्यात खोचलेले आणि हातात छत्री, मग ऊन असो नसो. स्वतः कधी खेळले होते का? मी तीनदा विचारलं. एकदा बोलले, "बघितलाय भरपूर." दुसऱ्यांदा बोलले, "तू प्रश्न भरपूर विचारतेस, मिक्सर." तिसऱ्यांदा नुसती शिट्टी वाजवली. मिक्सर म्हणजे मी. मी बोलायला लागले की थांबत नाही म्हणून. "ए मिक्सर, झाकण लाव," हे मी चार वर्षं ऐकलंय.

पण मला खरंच जाणून घ्यायचं असायचं हो! कारण त्यांचं सगळंच उलटं. गोल झाला की जगात कुठलाही कोच गोल मारणारीकडे बघेल. सर विचारायचे, "त्याच्या आधी बॉल नसताना कोण धावलं?" आणि तिच्यासाठी टाळ्या. मी फॉरवर्ड, गोल मी मारलेला, आणि टाळ्या कोणाला, तर लांब कोपऱ्यात उगाच धावलेल्या श्रावणीला. "तिच्या मागे त्यांची बॅक गेली, म्हणून तुला जागा मिळाली," सर शांतपणे सांगायचे. मी बोलायचे, "पण किक मी मारली ना!" हात वर.

आणि महिन्यातून एकदा परीक्षा. कागद-पेन्सिलवाली! वाटलं, आता नियम विचारणार. प्रश्न काय तर, श्रावणीला पास कुठल्या पायावर हवा असतो? आपल्यापैकी कोण दमली तरी सांगत नाही? मनाली बॉल पकडायच्या आधी काय ओरडते? मला दहापैकी दोन मिळाले. मनालीला दहापैकी दहा. मनाली आमची गोलकीपर. एकटीच गोलकीपर, दुसरी नव्हतीच. कमी बोलणारी, उंच, मागे उभी राहून सगळं बघणारी. तिला सगळ्या माहीत होत्या. आम्हाला ती किती माहीत होती, ते पुढे कळेलच.

आता सगळ्यात उलटी गोष्ट. मॅचची टीम सर निवडायचेच नाहीत! आम्ही सोळा जणी. मॅचच्या आदल्या दिवशी प्रत्येकीला एक चिठ्ठी. त्यावर दहा नावं लिहायची, स्वतःचं सोडून. सर मोजणार, जास्तीत जास्त चिठ्ठ्यांवर असलेल्या अकरा जणी खेळणार. बाकीच्या पाच बाकावर. बस.

"सर, पण तुम्ही का नाही निवडत? तुम्ही कोच आहात!"

"माझे डोळे दोन. तुमचे बत्तीस."

"आणि आम्ही चुकलो तर?"

"तर चूक तुमची. माझ्या चुकीवर तुम्ही रुसाल. स्वतःच्या चुकीवर विचार कराल."

ऐकायला एकदम झकास. आणि दोन वर्षं चाललं पण झकास. खरंच, ज्या खेळायला हव्या होत्या त्याच खेळायच्या. मी सुद्धा एकदा बाकावर बसले, आणि का ते मला माहीत होतं.

मग आम्ही नववीत असताना आंतरशालेय स्पर्धेत कधी नव्हे ते क्वार्टर फायनलला पोहोचलो. समोर चेंबूरची एक शाळा. जिंकलो तर सेमी फायनल अंधेरीला, खऱ्या हिरव्या टर्फवर. आणि कोणीतरी पुडी सोडली की सेमीला खेळलेल्यांना दहावीला जादा मार्क मिळतात. खरं का खोटं कोणालाच माहीत नाही. पण घरोघरी आयांपर्यंत पोहोचलं. श्रावणीची आई तर सरळ बोलली, "टीममध्ये नसलीस तर घरी येऊ नको." मस्करीत, पण अर्धीच मस्करी.

आणि मग मी एक गोष्ट केली. लिहिताना पण लाज वाटतेय. मधल्या सुट्टीत मी श्रावणीला बोलले, "तू मला लिही, मी तुला लिहिते. पक्कं?" पक्कं. मग तिने दुसरीशी पक्कं केलं, मी तिसरीशी. मला मजाच यायला लागली! वहीच्या मागच्या पानावर मी चक्क तक्ता केला, कोण कोणाला लिहिणार त्याचा. दोन दिवसांत सगळ्यांचं सगळ्यांशी पक्कं. दहाच्या दहा जागा बुक.

मनाली ते दोन दिवस तापाने घरी होती. तिच्याशी कोणी काही पक्कं केलंच नाही. तिची गरज काय? ती तर असणारच ना! एकटीच गोलकीपर आहे, तिला तर सगळ्याच लिहिणार. मी नाही लिहिलं तर काय बिघडतंय?

हे वाक्य त्या दिवशी तेरा डोक्यांत एकाच वेळी चालू होतं.

तिसऱ्या दिवशी मनाली आली, चेहरा उतरलेला पण किट घालून. चिठ्ठ्या लिहिल्या. सरांनी भिंतीजवळ बसून मोजल्या आणि नेहमीसारखी यादी मोठ्याने वाचली. अकरा नावं. वाचून झाल्यावर त्यांनी परत वरपासून बोटाने एक एक नाव मोजलं.

"यात गोलकीपर नाही."

शप्पथ, आधी आम्ही हसलो. मग सगळ्यांनी एकदम मनालीकडे बघितलं. तिला दोन चिठ्ठ्यांवर जागा मिळाली होती. फक्त दोन. ती बुटाची लेस बांधत होती, ती बांधतच राहिली.

"सर, चुकून झालं," श्रावणी बोलली.

"तेरा जणींचं एकदम चुकून?"

"सर, मनालीला घ्या ना, त्यात काय!" मी बोलले. "कोणालाही काढा. मला काढा."

सर माझ्याकडे वळले. पहिल्यांदा मैदानाकडे नाही, माझ्याकडे. "मिक्सर, काय झालंय? स्वतःला सोडून बोल."

आणि मला बोलताच येईना. स्वतःला सोडलं तर सांगण्यासारखं काही उरतच नव्हतं! सगळी भानगड माझ्यापासूनच सुरू होत होती. मग सांगितलं. पक्कं, तक्ता, सगळं. सोळा जणींमध्ये मान वर फक्त मनालीची.

सरांनी ऐकून घेतलं. चिठ्ठ्या घडी घालून खिशात ठेवल्या. "यादी तुमची आहे. यादी खेळेल. ग्लोव्ज तू घाल."

चेंबूरच्या टीमविरुद्ध मी गोलमध्ये काय केलं ते विचारू नका. बॉल दिसला की मी धावत सुटायचे, कारण मला तेवढंच येतं. मागे अख्खा गोल उघडा. हाफ टाइमला तीन-शून्य. आम्ही सगळ्या सरांच्या पाया पडायच्या बाकी होतो. "सर, मनालीला आणा ना आत, प्लीज!" सर मनालीकडे बघून बोलले, "जातेस?"

मनाली बाकावरून बोलली, "नको सर. मला लिहिलेलं नाही."

आवाज चढवला नाही, रडली नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं यार. पाच-शून्यने हरलो. दुसऱ्या दिवशी ग्लोव्ज स्टाफ रूममध्ये सरांच्या टेबलावर. चिठ्ठी वगैरे काही नाही. मनाली प्रॅक्टिसला आली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी पण नाही.

वाट लागली. सेमी गेली ते गेली, जादा मार्कांचं तर आम्ही विसरलोच. आता एकच प्रश्न होता, मनाली परत येणार का? आणि मला वाटत होतं, सर आता आम्हाला झापतील. मोठं भाषण. मी मनाची तयारी करून आले होते.

सर आले, छत्री मिटवली आणि बोलले, "धडा तुम्हाला द्यायचा होता. बसवली तिला. ती समोर असताना यादी मोठ्याने वाचली. ती माझी चूक. तुमची नाही."

मोठ्या माणसाला असं बोलताना मी तोवर ऐकलंच नव्हतं! म्हणजे, शिक्षकांना तर नाहीच.

"सर, मी तिच्या घरी जाऊन सॉरी बोलते. आणि परत घेऊन येते."

"सॉरी बोल. परत आणायला जाऊ नको."

"का?"

"मग ते सॉरी राहत नाही गो. ते परत पक्कं होतं."

मी गेले. मनालीने दार उघडलं, माझं सगळं ऐकलं, "ठीक आहे" बोलली आणि दार लावलं. सर पण जाऊन आले, हे खूप नंतर तिच्याकडूनच कळलं. चहा घेतला, तिच्या आईसमोर बोलले, "बाय गो, माझा चुकला," आणि उठले. टीमचं नावसुद्धा काढलं नाही.

पण प्रॅक्टिसला गोलमध्ये कोण? आम्ही विचारलं, दुसरी कोणी शिकू का? सर बोलले, "जागा भरायची नाही." आणि पँट मोज्यात खोचून स्वतः उभे राहिले. आमचे सर! गोलमध्ये! मनालीचे ग्लोव्ज घालून! इतके वाईट गोलकीपर मी आयुष्यात पाहिले नाहीत, आणि त्या मॅचला तर गोलमध्ये मी स्वतः होते. बॉल आला की डोळे बंद. उडी बॉल गेल्यानंतर. तेव्हा मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, ते कधीच खेळले नव्हते. फक्त बघितलं होतं, भरपूर.

रोज चाळीस मिनिटं. एकदा गुडघा सोलला, एकदा चष्मा उडाला. दुसऱ्या दिवशी परत उभे. मी एकदा बोलले, "सर, ती नाही आली तर?" बोलले, "तर मी सुधारेन."

सर मागच्या वर्षी रिटायर झाले आणि गावी गेले. तिथे रेंज नाही. मी कॉलेजला आहे, आणि कोणी विचारलं की कोच कसे होते, तर यादी, परीक्षा, टाळ्या हे सगळं सांगते मी. यादी त्यांनी नंतर पण चालू ठेवली, फक्त मोठ्याने वाचणं बंद. अकरा जणींना एकेकीला बाजूला घेऊन सांगायचे, आणि उरलेल्या पाच जणींना त्यांच्याही आधी. पण हे सगळं सांगताना डोळ्यांसमोर मात्र मनाली यायची बंद झाल्यानंतरच्या नवव्या दिवसाची प्रॅक्टिस असते.

त्या दिवशी मनाली निळ्या पत्र्यांजवळ उभी दिसली. शाळेच्याच ड्रेसमध्ये, दप्तर पाठीला. आम्ही बघून न बघितल्यासारखं केलं. सरांनी पण. श्रावणीने किक मारली, सरांनी डोळे मिटले, गोल. मी मारली, बॉल त्यांच्या पायांमधून, गोल. तिसऱ्याला मनाली पत्र्यांपासून निघाली, सरळ चालत गोलपाशी आली.

"सर, पाय जोडून उभे राहू नका. आणि डोळे उघडे ठेवा."

"असे?"

"गुडघे वाकवा."

सरांनी वाकवले. सोललेला गुडघा, तोंडातून "आई गं" निघालंच. मनालीने मला खूण केली, मार. मी मारली, हळू, मुद्दाम त्यांच्या हातात जाईल अशी.

"मुद्दाम नको, मिक्सर," सर ओरडले. "नीट मार."

मी नीट मारली. सरांचे डोळे उघडे होते. बॉल एका बोटाला लागून भलत्याच दिशेला गेला, बाहेर! अडवला! आम्ही बोंबा मारत नाचलो, आणि मनाली हसली. तोंडावर हात ठेवून, पण हसली.

"झालं सर," ती बोलली. "आता द्या."

सरांनी ग्लोव्ज ओढून काढले. घामाने चिकटलेले, बोटं सगळी उलटी होऊन आत गेलेली. ते तसेच द्यायचे सोडून त्यांनी आधी शर्टाला पुसले. मग मान खाली घालून, एक एक बोट बाहेर काढून सरळ करत बसले. दहा बोटं. खूप वेळ लागला. आम्ही पंधरा जणी बॉल थांबवून उभ्या होतो, मनाली हात पुढे करून उभी होती, आणि मी सुद्धा एक शब्द बोलले नाही.