एकाच जागी, एकाच क्षणी

"कुठून बघितलं, ते आधी सांगा," सर म्हणायचे आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायला लागायचे. स्टाफरूममध्ये कुणी कुणाची तक्रार घेऊन आलं तरी हेच, पंखा कुणाच्या डोक्यावर जास्त फिरतो यावरून वाद झाला तरी हेच. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. त्याच्याशी धड भांडताही येत नाही.

औरंगाबादच्या एकाच कॉलेजात आम्ही शिकवायचो. मी गणित, ते भौतिकशास्त्र. मधली भिंत इतकी पातळ, की त्यांचा तास मला फुकटात ऐकू यायचा.

"समजा, आपली गंगापूरची एसटी प्रकाशाच्या जवळपास वेगानं सुटली."

"सर, तिला धक्का कोण मारणार?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं.

"तूच मार. मग रस्त्यात उभा राहून बघ."

वर्ग हसला की सर हळूच मुद्द्यावर यायचे. रस्त्यातल्या माणसाच्या मापानं एसटी आखूड भरेल. आतल्या प्रवाशाला एसटी नेहमीएवढीच, उलट रस्ताच आखूड. स्टँडच्या दोन्ही टोकांचे दिवे फलाटावरच्या माणसाच्या हिशेबानं एकदम लागले. प्रवाशाच्या हिशेबानं पुढचा आधी, मागचा नंतर.

"आता खोटारडा कोण? कुणीच नाय. दोघंही खरे."

जगाला हे सांगणारा माणूस घरच्या वादात मात्र अडकून पडला होता. गावी आई गेली तेव्हा सर गंगापूरच्या एसटीत होते. पोचले तर थोरल्या भावानं, आण्णांनी, दारातच ऐकवलं, "उशिरा आलास." सरांचं म्हणणं, निरोप मिळाला त्याच पावली निघालो. आण्णांचं म्हणणं, आईनं शेवटपर्यंत दाराकडं बघितलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

मी एकदा चिडून म्हणालो, "अहो, तुमच्याच शास्त्राप्रमाणे दोघंही खरे ना?"

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "ते लांबलांबच्या गोष्टींचं झालं. एकाच जागी, एकाच क्षणी दोन गोष्टी घडल्या, तर कुणीही, कितीही वेगानं जाताना बघू दे, त्या एकदमच घडल्या. तिथं वाद नसतो. पण मी तिथं नव्हतो ना."

चिडल्याचं मला फार वाईट वाटलं.

सर शेवटचे दवाखान्यात होते, तेव्हा त्यांना न विचारताच मी आण्णांना निरोप धाडला. मनात म्हटलं, हा म्हातारा कसला येतोय. दुसऱ्या दिवशी दुपारी आण्णा धोतराचा सोगा सावरत वॉर्डात शिरले. सरांचा चष्मा उशाशी होता. आण्णांनी तो उचलला, धोतराला पुसला आणि धाकट्याच्या डोळ्यांवर चढवला.

"एसटी लई थांबत आली. उशीर झाला का रं?"

"नाय आण्णा," सर म्हणाले. "वेळेवर आलात."

संध्याकाळी सर गेले, तेव्हा त्यांचा हात आण्णांच्या हातात होता. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. पण कुणी कुठूनही बघितलं असतं, तरी त्याला हेच दिसलं असतं.